कारण नको, फॉर्म सांग

जेकब तुस्कानोच्या टेबलासमोर उभं राहून कोणी आपली कहाणी पुरती सांगून गेलाय, असं गेल्या तेरा वर्षांत कधी घडलं नव्हतं. माणूस यायचा, हातातली टोपी चुरगाळायचा, घसा साफ करून म्हणायचा, "साहेब, त्याचं असं झालं..." आणि जेकब मान वर न करता म्हणायचा, "कारण नको. फॉर्म सांग." रजेचा, पगारवाढीचा, पासपोर्टचा की खुरूजचा, एवढंच त्याला हवं असायचं. मग टाइपरायटरवर कागद चढायचा, आणि पुढचा माणूस टोपी चुरगाळायला लागायचा.

कंपनी बांधकामाची, माणसं तीनशेच्या वर, आणि ऑफिस कतारमध्ये, अल मन्सूर भागात, एका उडुपी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. खालून सांबाराचा वास यायचा आणि वर जेकबचा दरारा. 'तुस्कानो म्हणजे दगड,' असं कामगारांच्या कॅम्पातली मंडळी म्हणत, आणि जेकबच्या कानावर ते गेलं होतं. त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी त्याने सगळ्यांच्या कहाण्या ऐकल्या होत्या. कोणाची बायको बाळंतपणात गेलेली, कोणाच्या भावाने जमीन लाटलेली. एकदा तो एका सुताराबरोबर टेबलावरच रडला, आणि त्या दिवशी सतरा कागद तसेच पडून राहिले. सतरा माणसांचा एकेक दिवस वाया गेला. तेव्हा त्याने ठरवलं की रडायचं नाही, टाइप करायचं. यात काही वाईट होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. पण माणसाने केलेला नियम हळूहळू माणसाच्या हाडात उतरतो, आणि मग तो काढू म्हटलं तरी निघत नाही.

घरी भुईगावला त्याची आई होती. सगळा गाव तिला मोनीमाय म्हणायचा. आयुष्यभर मोगरा आणि केळी विकलेली बाई, बोलण्यात कोणाला हार जायची नाही. दर शुक्रवारी जेकब फोन करायचा, आणि मोनीमाय शेजारणीच्या कोंबडीपासून सुरुवात करायची. ती कोंबडी कुठे गेली, वाटेत तिला कोण भेटलं, त्याच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं. इकडे कार्डावरची मिनिटं भराभर संपायची. जेकब म्हणायचा, "आय, मुद्द्याचं बोल." ती म्हणायची, "मुद्दा काय असतो रे? बोलणं असतं." आणि पुन्हा कोंबडीवर यायची.

आता खुरूजबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर बेतलेलं आहे. त्या काळी कतारमधून बाहेर पडायचं तर ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा त्या मालकाची सही लागायची. तो कागद म्हणजे खुरूज. आई आजारी असो की बायको, त्या सहीशिवाय विमानतळावरचा माणूस तुम्हाला पुढे सोडायचा नाही. जेकबच्या कंपनीचे मालक अबू रशीद. मोठ्या मनाचा, मोठ्या पोटाचा, कागदांना कंटाळणारा गृहस्थ. दर शनिवारी ते दहा कोऱ्या खुरूजवर सह्या करून जेकबच्या हवाली करायचे. इतका विश्वास ते स्वतःच्या मेहुण्यावरही टाकत नसत. जेकब ते कागद निळ्या फायलीत कुलूपबंद ठेवायचा आणि एकेक मोजून वापरायचा.

दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीतला एक गुरुवार. अर्धा दिवस ऑफिस, साडेबारा वाजलेले, फायलीत एकच सही केलेला कागद उरलेला. दारात जालिंदर आला. परभणीकडचा गवंडी, खाली मान घालून काम करणारा.

"साहेब, लई अडचण हाय. त्याचं असं झालं बघा..."

"फॉर्म सांग."

"खुरूज."

जेकबने शेवटचा कागद चढवला. त्यात एक रकाना असतो, 'प्रवासाचं कारण'. तिथे जेकब सगळ्यांसाठी एकच गोष्ट टाइप करायचा: वार्षिक रजा. वाद नको, प्रश्न नकोत. जालिंदर कागद घेऊन गेला, जाताना दारात घुटमळला, काहीतरी बोलणार होता. जेकबने तोवर टाइपरायटरवर कव्हर घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, चर्चमधली मिस्सा आटपून तो अल मुंतझामधल्या खोलीवर आला तेव्हा साडेदहा झाले होते. मोबाइल वाजला. बायको, जुडिथ.

"आयला इस्पितळात ठेवलंय," ती म्हणाली. "पहाटे छातीत दुखलं. डॉक्टर बोलले, आजचा दिवस जाईल, उद्याचं सांगता येत नाही. ती तुझं नाव घेतेय."

"येतो," जेकब म्हणाला. "तिला सांग, निघालो."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की निळ्या फायलीत एकही कागद नाही.

मधु नावाचा एक मल्याळी होता, मन्सूरात तिकिटांचं दुकान चालवायचा. सुट्टीचा शुक्रवार असूनही त्याने शटर अर्धं वर केलं आणि रात्री साडेआठच्या मुंबईच्या विमानात एक जागा शोधून काढली. "साडेसहाला काउंटरवर पाहिजे," त्याने बजावलं. "खुरूज आहे ना?" जेकबने मान डोलावली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तोंडाने बोलला नाही.

ऑफिस उघडून त्याने बिनसहीचा कागद चढवला आणि या वेळी स्वतःचं नाव टाइप केलं. बोटांना वाट पाठ होती. नाव, पासपोर्ट नंबर, हुद्दा. आणि कारणाच्या रकान्यात बोटांनी आपसूक लिहिलं: वार्षिक रजा. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

अबू रशीदांचा मोबाइल बंद. तो टॅक्सीने त्यांच्या बंगल्यावर पोचला. दार ताहेरुन्निसाने उघडलं. हैदराबादची, त्या घरात वीस वर्षं स्वयंपाक करणारी बाई. "साब तो नमाज से सीधा दोस्तां के साथ खाने को गए," ती म्हणाली. "वहाँ से मैच कू जाते. साल का एक मैच रहता ना उनका, कालेज वाला. आज अल्ला मियाँ भी बुलाए तो उनो नै आते."

त्या मॅचबद्दल जेकबने ऐकलं होतं. अबू रशीद ज्या टेक्निकल कॉलेजात शिकले त्याची आणि टीचर्स कॉलेजची दर फेब्रुवारीत फुटबॉलची झुंज व्हायची. पंचवीसेक वर्षांची परंपरा, पण मिरवायची अशी की जणू वाळवंटाइतकी जुनी आहे. कॉलेजच्या आवारातच स्टेडियम, आणि त्यात पूर्वेकडचा एक सज्जा फक्त माजी विद्यार्थ्यांचा. आज पन्नाशीला टेकलेले व्यापारी, इंजिनियर, मोठमोठे अधिकारी त्या दिवशी जुने मरून शर्ट पोटावर ताणून घालत. पहिल्या संघाच्या गोलकीपरची लाकडी खुर्ची मधोमध रिकामी ठेवलेली असे. आणि एक नियम होता: शेवटची शिट्टी होईपर्यंत कामाचा शब्द काढायचा नाही. ज्याच्यामुळे तो शब्द निघेल त्याने सगळ्यांना बोकडाचं जेवण घालायचं.

सव्वातीनला जेकब तिथे पोचला. सज्ज्याच्या दारावर खजुराच्या पानांची भलीमोठी टोपली घेऊन एक म्हातारासा माणूस बसला होता. नाव कासम, गाव बाणकोट. जेकब फोनवर मधुशी मराठी वळणाच्या हिंदीत बोलत होता, ते ऐकून तो खुलला.

"तुमी आपल्याकडचेच की. फोन हितं टाका. आत कुणालाच फोन नेऊ देत नाय."

"मला फक्त साहेबांची सही हवीये. पाच मिनिटं."

"सही?" कासमने कपाळाला हात लावला. "अवो, तो कागद आदी सदऱ्याखाली घाला. आत कामाचं काय बोललात तर शेटच्या माथी बोकड."

जेकबने मोबाइलकडे पाहिलं. तो हातातून सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं. पण फोन घेऊन दाराबाहेर थांबावं तर सही मिळत नव्हती. त्याने फोन टोपलीत ठेवला, चाळीस-पन्नास फोनांच्या मध्ये.

अबू रशीद त्याला पाहून उठूनच उभे राहिले. "जेकब! चौदा साल!" त्यांनी मित्रांना अरबीत काहीतरी सांगितलं, आणि सगळे हसून जागा करायला लागले. आपला कारकून आपल्या कॉलेजची मॅच बघायला आपण होऊन आला, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. जेकबला त्यांच्या शेजारी बसवण्यात आलं. हातात कॉफीचा इवलासा कप आला, मग खजूर, मग पुन्हा कॉफी. खाली शिट्टी झाली. मागून ढोल सुरू झाला.

एवढ्या वेळात त्याने सांगायला हवं होतं. माझी आई मरतेय, साहेब. मोजून चार शब्द. पण जेकब तुस्कानोच्या हाडात जे उतरलं होतं तेच तोंडातून बाहेर आलं.

"सर," तो म्हणाला. "खुरूज."

"शुगल!" मागच्या रांगेतला एक जण ओरडला. शुगल म्हणजे काम. "शुगल! शुगल!" ढोलवाल्याने तीन थाप दिल्या, पाच-पन्नास धिप्पाड माणसं टाळ्या पिटायला लागली, अबू रशीदांनी दोन्ही कान पकडले. बोकड त्यांच्या माथी बसला होता, आणि त्यांना ते भारी गमतीचं वाटत होतं. जेकबने घाईघाईने सदऱ्याखालून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून एकच ओळ वाचली.

"इजाजा?" ते म्हणाले. "सालाना छुट्टी?" त्यांनी जेकबच्या गालावर चापटी मारली. "सबत, जेकब. शनिवार. आज मैच." आणि ते मैदानाकडे वळले.

जेकबने कागद उलटा करून पाहिला. वार्षिक रजा. त्याने स्वतः टाइप केलेलं. त्याला स्वतःचीच बोटं तोडून टाकावीशी वाटली. बोलायला तोंड उघडलं की मागचा माणूस ढोलावर थाप मारायचा आणि सगळे हसायचे. आजूबाजूच्या सगळ्यांना वाटत होतं की हा लाजरा हिंदी कारकून चुकून नियम मोडून बसलाय आणि आता ओशाळलाय. एकाने तर मायेने त्याच्या गळ्यात मरून मफलर घातला.

समोर धावणाऱ्या बावीस पोरांपैकी जेकबला एकही दिसत नव्हता. त्याला फक्त गुणफलकावरचं घड्याळ दिसत होतं. चार वाजले. तिकडे घरी साडेसहा. इस्पितळात सिस्टर दिवे लावत असेल. आईला कुशीवर वळवलं असेल की नसेल. सव्वाचार.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि त्याला वाटलं, आता. पण त्या मध्यंतराचीही रीत ठरलेली होती. पहिल्या वर्षी कोणाच्या तरी आईने शिवलेला मोठा झेंडा होता, जागोजागी विरलेला. तो माजी विद्यार्थ्यांनी चारी बाजूंनी धरून मैदानाभोवती एक फेरी मारायची, गाणं म्हणत. नव्या पाहुण्याला एक कोपरा धरायचा मान. अबू रशीदांनी स्वतः तो कोपरा जेकबच्या मुठीत दिला आणि आपण पुढचा कोपरा धरायला गेले. त्यांच्यात आणि जेकबमध्ये वीस हात कापड.

जेकब चालला. सदऱ्याखाली घडी केलेला कागद, गळ्यात मफलर, हातात झेंड्याचा कोपरा. दोन्हीकडून लोक टाळ्या वाजवत होते. त्याला रडू फुटलं, आणि ते पाहून शेजारच्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. झेंडा धरताना दरवर्षी कोणी ना कोणी रडायचंच, त्यात नवल नव्हतं.

परत वर येताना दारात कासम म्हणाला, "ह्या टोपलीत येक फोन सारखा वाजत व्हता. कुनाचा कोन जाने. हात लावायची आमाला बंदी."

जेकबने टोपलीत वाकून पाहिलं. त्याच क्षणी अबू रशीदांनी त्याचा हात धरून त्याला वर ओढलं. दुसरा हाफ सुरू होत होता.

एक-एक अशी बरोबरी झाली. सूर्य गेला, अजान झाली. सगळे खाली मैदानाच्या कडेला नमाजाला उभे राहिले, आणि जेकब रिकाम्या सज्ज्यात त्या रिकाम्या खुर्चीशेजारी एकटा बसून राहिला. खाली जाऊन नमाज पढणाऱ्या माणसाला हटकणं त्याला बापजन्मी शक्य नव्हतं. मंडळी परतली ती घोळक्याने, वाद घालत. मग दिवे लागले. जादा वेळ खेळवणार होते.

सहाला दहा कमी. विमानतळ वीस मिनिटांवर. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की बाकीचं सगळं दिसेनासं झालं. त्याने अबू रशीदांची बाही धरली. चौदा वर्षांत त्याने मालकाला कधी हात लावला नव्हता.

"सर," तो म्हणाला. मागे ढोलवाल्याने काठी उचलली. "सर, उम्मी."

काठी तशीच राहिली.

"माझी आई," जेकब मराठीतच म्हणाला, कारण दुसरी कुठली भाषा त्या क्षणी त्याच्याजवळ उरली नव्हती. "माझी आई मरतेय. ती माझं नाव घेतेय. मला जायचंय." तो बोलत राहिला. मोगरा, केळी, पहाटेचं छातीतलं दुखणं, सगळं एकात एक. अबू रशीदांना त्यातला 'उम्मी' हा एकच शब्द कळला असेल. पण तेवढा पुरे होता.

"तुम पहले क्यों नहीं बोला?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुम बोला खुरूज. तुम बोला छुट्टी. उम्मी क्यों नहीं बोला?"

अबू रशीदांनी कागद मांडीवर पसरून सही केली, खाली तारीख घातली आणि उठले. जादा वेळेची सात मिनिटं बाकी असताना तो सज्जा सोडून जाणारा माणूस त्या कॉलेजने तोवर पाहिला नव्हता. ढोलवाला बाजूला सरकला.

दारात कासमने फोन काढून दिला. नऊ मिस्ड कॉल, सगळे घरचे. गाडीत बसून जेकबने उलटा फोन लावला. पहिल्याच रिंगला जुडिथने उचलला.

"निघतोय," तो म्हणाला. "सही मिळाली. आय कशी आहे?"

जुडिथ म्हणाली, "ये." आणि फोन ठेवला.

जेकबने त्या एका शब्दाचा अर्थ लावला नाही. लावायचाच नाही असं त्याने ठरवलं. अबू रशीद वाटेतले सगळे सिग्नल तोडत गाडी हाणत होते. विमानतळावरच्या काउंटरवर ते मरून शर्टातच त्याच्याबरोबर उभे राहिले, शिक्का बसेपर्यंत हलले नाहीत. विमान मिळालं. तेवढं एक त्या दिवशी मनासारखं झालं.

भुईगावला तो पोचला तेव्हा उजाडत होतं. ओटीवर बाकडी मांडलेली, गल्लीतली माणसं बसलेली. आत, समोरच्या खोलीत, मोनीमायला पांढरी साडी नेसवून पेटीत ठेवलं होतं. उशाशी मेणबत्त्या आणि मोगरा. मोगरा विकणाऱ्या बाईला मोगऱ्याची काय कमी. जेकब दारातच उभा राहिला. त्याच्या गळ्यात अजून तो मफलर होता.

जुडिथ उठून जवळ आली. रात्रभर रडून तिचा आवाज बसला होता.

"सातच्या आधी तिने डोळे उघडले," ती म्हणाली. "चांगली शुद्धीवर होती. बोलली, जेकबला फोन लावा, मला त्याच्याशी बोलायचंय. मी लावला आणि तिच्या कानाशी धरला. वाजत होता, ती ऐकत होती. बंद झाला की बोलायची, पुन्हा लाव, कामात असेल. मी पुन्हा लावायचे. नऊ वेळा लावला. नवव्या वेळी तो वाजत असतानाच ती गेली." तिने त्याच्याकडे पाहिलं. भांडणाचा सूर त्यात नव्हता. तिला फक्त कळायला हवं होतं. "एवढा वेळ होतास कुठे तू?"

सगळी खोली ऐकत होती. इकडचे सातच्या आधीचे क्षण म्हणजे तिकडचे साडेचारच्या आधीचे. जेकबने हिशोब केला आणि त्याच्या मुठीत त्या झेंड्याचा कोपरा पुन्हा आला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"स्टेडियममध्ये," तो म्हणाला. "फुटबॉलची मॅच चालू होती."

कोणीतरी बाकड्यावर हललं. एक म्हातारी पुटपुटली आणि तिला शेजारणीने गप्प केलं. जुडिथने त्याच्या गळ्यातल्या मफलरकडे पाहिलं, तो हळूच काढून घेतला, आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून राहिली. तिने कारण विचारलं नाही.

जेकब पेटीशेजारी जमिनीवर बसला. आईच्या कानाशी, जिथे फोन धरला होता त्या बाजूला.

"आय," तो म्हणाला, "त्याचं असं झालं. गुरुवारी दुपारी जालिंदर म्हणून एक गवंडी आला होता, परभणीकडचा. काहीतरी सांगणार होता बिचारा, मी बोलू दिलं नाही." मग तो मधुच्या अर्ध्या उघडलेल्या शटरवर आला, ताहेरुन्निसावर आला, कासमच्या बाणकोटवर, रिकाम्या खुर्चीवर, कुणाच्या तरी आईने शिवलेल्या झेंड्यावर. कशालाही फाटा न देता, काही न गाळता तो सांगत राहिला. चर्चची घंटा झाली, पेटी उचलायला माणसं आत आली, आणि तो अजून मध्यंतरापर्यंतच पोचला होता.